दोन बोल्ट, दोन नंबर

भाऊबीजेच्या संध्याकाळी शेजारचे आप्पा हातरुमालात काहीतरी गुंडाळून घेऊन आले. पायरीवर टेकले आणि रुमालाची गाठ सोडली. आत उडवलेल्या काडतुसांच्या तीन पितळी पुंगळ्या होत्या.

"मेजर, जरा बघा बरं. धाकटा भाऊ म्हणतोय, बंदूक नेहमीसारखी वाजली नाही. आणि पुंगळी काढायला जोर लागला."

आमच्या साताऱ्याकडं फौजेतून आलेल्या कुणालाही मेजर म्हणायची पद्धत आहे. मी ईएमईतून, म्हणजे फौजेची यंत्रं-हत्यारं दुरुस्त करणाऱ्या शाखेतून, हवालदार म्हणून निवृत्त झालो. चोवीस वर्षं आर्मरर होतो, म्हणजे दुसऱ्यांची हत्यारं उघडायची, तपासायची, दुरुस्त करायची आणि कोतमध्ये, म्हणजे पलटणीच्या हत्यारघरात, परत पाठवायची. त्यामुळं गावात कुणाच्या परवान्याच्या हत्याराला काही झालं की पहिली चक्कर माझ्याकडं होते. दुरुस्तीचा परवाना माझ्याकडं नाही, म्हणून मी हत्याराला कानस लावत नाही. बघतो आणि सांगतो.

तिन्ही पुंगळ्या उजेडात धरल्या. बुडावर '८ एमएम' आणि 'केएफ' अशी अक्षरं होती. केएफ म्हणजे खडकीचा दारूगोळा कारखाना, १८६९ सालचा. दोन पुंगळ्यांना बुडाच्या कडेपासून थोडं वर एक चकचकीत कडं दिसत होतं, बाकीचं पितळ धुरकट आणि तेवढाच पट्टा घासून काढल्यासारखा. तिसऱ्या पुंगळीला त्याच जागी केसाएवढी रेघ होती, अर्ध्या घेरात.

आकाशकंदील बांधून उरलेली तार खिडकीत पडली होती. तिचं टोक कानसून टोकदार केलं, काटकोनात वाकवलं, पुंगळीच्या तोंडातून आत सोडलं आणि बुडापासून वर ओढत आणलं. गुळगुळीत, गुळगुळीत, आणि मग टोक एका खाचेत अडकलं. बाहेरून जिथं कडं दिसत होतं, बरोबर तिथंच. आप्पांच्या हातात तार दिली. त्यांनाही लागली ती खाच.

खाच म्हणजे पितळ तिथं ताणून पातळ झालंय. काडतूस उडतं तेव्हा पुंगळीचा पुढचा भाग फुगून चेंबरच्या, म्हणजे नळीतल्या काडतुसाच्या घराच्या, भिंतीला चिकटतो आणि बूड मागं बोल्टवर, म्हणजे ते घर मागून बंद करणाऱ्या दांड्यावर, आदळतं. बुडामागं बोल्ट टेकलेला असला तर काही होत नाही. बुडामागं फट असली तर पुंगळी त्या फटीएवढी ताणते, आणि ताणते ती नेमकी या जागी. फट जास्त झाली की पुंगळीचे दोन तुकडे होतात आणि जळता गॅस मागं येतो. मागं नेम धरणाऱ्याचा डोळा असतो.

"आप्पा, तुमची आणि धाकट्यांची रायफल एकाच वेळी उघडली होती का?"

त्यांनी विचार केला. "खंडेनवमीला. पोरांनी दोन्ही उघडून साफ केल्या, तेल लावलं आणि पूजेला मांडल्या."

मला हवं होतं ते कळलं होतं. चप्पल घातली आणि त्यांच्याबरोबर निघालो.

दोन्ही भावांकडं ३१५ बोरची (बोर म्हणजे नळीच्या छिद्राचं माप) इशापूरची रायफल आहे. वडिलांनी एक घेतली होती, दुसरी नंतर आली. उसात रानडुकरं फार झाली तेव्हा वनखात्याची परवानगी काढून धाकट्यांनी ते तीन राऊंड उडवले होते. माजघरात चटईवर दोन्ही रायफली ठेवल्या. मॅगझिन काढलं, बोल्ट मागं घेतला, चेंबरमध्ये करंगळी घालून बघितलं. रिकामी आहे असं कुणी कितीही सांगितलं तरी बोट घातल्याशिवाय मी पुढं जात नाही. मग मोबाईलचा उजेड धरून बोल्टच्या मुठीच्या मुळाशी ठोकलेला नंबर वाचला आणि रायफलीच्या बॉडीवरचा नंबर वाचला. आप्पांच्या रायफलीत धाकट्यांचा बोल्ट. धाकट्यांच्या रायफलीत आप्पांचा.

आप्पांचा मुलगा कराडला मेकॅनिकलचा डिप्लोमा करतो. साफसफाई त्याच्याच हातची. त्याचा चेहरा उतरला, पण त्यानं प्रश्न बरोबर विचारला. "काका, ही मिल्ट्रीचीच रायफल ना? फक्त लाकूड कापून छोटं केलंय. आणि मिल्ट्रीत तर एका रायफलीचा पार्ट दुसरीला बसतो ना?"

हा समज मी वर्षानुवर्षं ऐकतोय. बाहेरून बघून माणसं म्हणतात, फौजेची आणि परवान्याची रायफल दोन्ही एकच. म्हणून हे लिहायला बसलो.

बंगालमध्ये हुगळीच्या काठी इशापूरला १९०४ साली रायफल फॅक्टरी उभी राहिली. तिथं पुढं अनेक दशकं सैन्यासाठी .३०३ ली-एनफिल्ड बनली, ब्रिटिशांनी १९०७ साली स्वीकारलेली तीच छोट्या नळीची. नागरिकांसाठीची ३१५ याच घराण्यातली आहे. बोल्ट मागं ओढायची तऱ्हा तीच, बोल्ट पुढं ढकलताना स्प्रिंग दाबली जाते तेही तेच. पण काडतूस वेगळं. ३१५ चं काडतूस मूळ ऑस्ट्रियाचं, आठ मिलिमीटर मानलिखर. पुंगळी ५० मिलिमीटर लांब, .३०३ ची ५६. एकाचं काडतूस दुसरीत बसूच नये, हाच हेतू. सैन्याच्या बोरचं हत्यार नागरिकाला मिळू द्यायचं नाही हे धोरण इंग्रजांच्या काळापासूनचं. पलटणीतून चोरलेली गोळी बाहेरच्या बंदुकीत चालता कामा नये. स्वातंत्र्यानंतर १९५९ च्या शस्त्र कायद्यातही प्रतिबंधित बोर आणि अप्रतिबंधित बोर हा भेद राहिला. म्हणून आपल्याकडं परवान्यावर ३१५ दिसते, .३०३ दिसत नाही.

तर पहिला फरक कायद्यानं घातलेला आहे, चेंबर आणि नळीत. पुढचे फरक वापरातून आलेत आणि ते मला जास्त मोलाचे वाटतात.

सैन्याच्या .३०३ चं चेंबर मुद्दाम ऐसपैस कापलेलं असतं. चिखल लागलेलं, थोडं चेपलेलं, कुठल्याही कारखान्यातलं काडतूस आत गेलं पाहिजे आणि पुंगळी बाहेर आली पाहिजे. पुंगळी जरा फुगली तर फुगू दे, सैनिक ती परत भरत नाही. शिकारी किंवा नेमबाजीची रायफल बनवणारा चेंबर तंग ठेवतो, कारण काडतूस जितकं नेमकं बसेल तितका नेम एकसारखा पडतो.

तंग चेंबर लढाईत नेलं तर काय होतं, याचं उदाहरण कॅनडाच्या रॉस रायफलचं. नेमबाजीत ती रायफल पहिल्या प्रतीची होती. १९१५ च्या एप्रिलमध्ये ईप्रच्या लढाईत कॅनडाच्या सैनिकांच्या हातात तीच होती. धूळ, चिखल, घाईचा मारा आणि ब्रिटनहून आलेली थोडी वेगळ्या मापाची काडतुसं. बोल्ट अडकले. पोरांनी बुटाच्या टाचेनं बोल्ट उघडले आणि पडलेल्या इंग्रज सैनिकांच्या ली-एनफिल्ड उचलल्या. पुढच्या वर्षी रॉस पलटणींतून काढून घेतली, पण लांबचा नेम धरणाऱ्या स्नायपरांनी ती ठेवली. रायफल वाईट नव्हती. शांत हाताच्या, एक-एक गोळी मोजून उडवणाऱ्या माणसासाठी ती बनली होती.

रॉसचा आणखी एक दोष मी आर्मरर म्हणून कधी विसरलो नाही. साफ करताना तिचा बोल्ट चुकीचा जोडला तरी रायफलीत बसायचा, पुढं जायचा, लॉक मात्र व्हायचा नाही. गोळी उडाली की बोल्ट मागं तोंडावर. नंतर तिथं रिव्हेट घालून ते बंद केलं. सैन्याच्या हत्याराकडून माझी पहिली अपेक्षा तीच आहे: रात्री, थंडीत, दोन दिवस न झोपलेल्या एकोणीस वर्षांच्या पोरानं अंधारात खोललं-जोडलं तरी चुकीचं जोडताच येऊ नये.

आता पोराच्या प्रश्नाकडं येतो. सैन्यात पार्ट एकमेकांना बसतात हे खरं. स्प्रिंग, स्क्रू, मॅगझिन, पुंगळी ओढून काढणारा एक्स्ट्रॅक्टर मी खोक्यातून काढून हजार वेळा बदललेत. पण ली-एनफिल्डचा बोल्ट त्यात येत नाही. तिचे लॉक करणारे कान बोल्टच्या मागच्या बाजूला आहेत. दोन्ही कान बॉडीच्या खाचांत सारखे टेकले पाहिजेत, म्हणून बोल्ट त्या-त्या बॉडीला हातानं बसवतात आणि मग दोन्हीवर एकच नंबर ठोकतात. कोतमध्ये रायफली साफसफाईला बाहेर काढल्या की परत घेताना कोत एनसीओ, म्हणजे कोतचा कारभारी, बॉडी आणि बोल्टचा नंबर मोठ्यानं वाचून घेतो. त्यामागं कारण हे आहे.

मग तो बोल्ट झिजला तर? इथं सैन्याच्या रायफलीचं खरं वेगळेपण आहे. बोल्टच्या पुढचं डोकं वेगळं असतं, आटे फिरवून काढता येतं. दुसऱ्या महायुद्धातल्या नंबर ४ रायफलीसाठी तर ही डोकी चार मापांत यायची, शून्य ते तीन, एकापेक्षा दुसरं केसाएवढं लांब. बुडामागची फट मोजायला दोन गेज. पहिलं ०.०६४ इंचाचं, त्यावर बोल्ट बंद झालाच पाहिजे. दुसरं ०.०७४ इंचाचं, त्यावर बंद होता कामा नये. दुसऱ्यावर बंद झाला की डोकं काढायचं, पुढच्या नंबरचं लावायचं, पुन्हा गेज घालायचं. ताडपत्रीखाली, पेटीवर बसून, पाच-दहा मिनिटांत. नळी, बॉडी कशालाच हात लावायचा नाही.

एसएलआरमध्ये, म्हणजे पुढची गोळी आपोआप भरणाऱ्या रायफलीत, हेच काम दुसऱ्या पार्टनं होतं. माझ्या नोकरीची बहुतेक वर्षं त्याच रायफलीत गेली, बेल्जियमच्या फालवरून आलेली आपली ७.६२ ची १ए१. तिच्यात ब्रीचब्लॉक मागच्या बाजूला खाली झुकतो आणि बॉडीत आडव्या बसवलेल्या एका पोलादी तुकड्यावर टेकतो. त्याला लॉकिंग शोल्डर म्हणतात. तो तुकडा वेगवेगळ्या जाडीत मिळतो. फट वाढली की जुना ठोकून काढायचा, एक माप जाड बसवायचा. करंगळीच्या पेराएवढा तुकडा, पण रायफलीचं आयुष्य वाढवतो. त्याच एसएलआरच्या नळीवर पुढं गॅस प्लग असतो. तो फिरवला की पुढची गोळी भरणाऱ्या पिस्टनकडं गॅस जाणं बंद, कारण रायफलीच्या तोंडावरून ग्रेनेड सोडताना सगळा दाब पुढंच लागतो. शेतकऱ्याच्या किंवा नेमबाजाच्या रायफलीला असल्या पार्टचं काय काम?

बऱ्याच जणांना वाटतं मिल्ट्रीची रायफल म्हणजे सटासट चालणारी. मूळ फाल तशी चालायची, पण आपली एसएलआर चाप ओढला की एकच गोळी सोडायची. तरी ती नखशिखान्त सैनिकी होती. फरक त्या एका गोष्टीत बघू नये.

चापाचंही सांगतो. .३०३ चा चाप दोन टप्प्यांत येतो. पहिला पुल तीन-चार पौंडांचा, मग बोटाला एक ठाम अडथळा लागतो, मग दुसरा पुल पाच-सहा पौंडांचा. पहिल्या टप्प्यात सिअरची, म्हणजे ताणलेली फायरिंग पिन अडवून धरणाऱ्या तुकड्याची, पकड कमी होत येते आणि दुसऱ्यात सुटते. पळताना, खंदकात उडी मारताना धक्क्यानं सुटू नये म्हणून पकड सुरुवातीला भरपूर ठेवलेली. शिकारी आणि नेमबाजीच्या चांगल्या रायफलींत पकड थोडी आणि चाप हलका, बोट टेकवलं की काच फुटावी तसा सुटणारा. मध्य युरोपच्या जुन्या शिकारी रायफलींना तर दोन चाप असायचे, मागचा आधी ओढून ठेवायचा आणि पुढच्याला नुसता स्पर्श करायचा. ते हातात घेतलं की कारागिराला नमस्कार करावासा वाटतो. पण ते घेऊन मी कुणाला गस्तीवर पाठवणार नाही.

नळीच्या आत क्रोमचा मुलामा असतो तो सैन्याच्या आधुनिक रायफलींत. पाषाणच्या एआरडीई या संशोधन संस्थेत तयार झालेल्या आपल्या इन्सास रायफलीच्या नळीतही आहे. ओल, घाम, सतत मारा यांत पोलाद गंजतं, खडबडीत होतं आणि पुंगळी धरून ठेवते. अमेरिकेनं एम-१६ व्हिएतनामला पाठवली तेव्हा चेंबरला क्रोम नव्हता, त्यात काडतुसातली दारूही बदललेली. रायफली अडकून सैनिक मेले. १९६७ साली त्यांच्या संसदेच्या समितीनं चौकशी केली आणि त्याच सुमारास क्रोम आला. नेमबाज मात्र बिनक्रोमची नळी मागतात. मुलामा सगळीकडं अगदी सारखा बसवणं अवघड आणि नेमाला ते सोसत नाही.

माझा भाचा ह्यूस्टनला असतो. त्यानं एकदा एका दुकानातून फोटो पाठवला. 'मामा, हे बघ.' फोटोत भिंतीला टेकवलेली आपली २ए१, बॉडीवर आरएफआय, म्हणजे रायफल फॅक्टरी इशापूर, आणि १९६७. चीनच्या युद्धानंतर इशापूरनं ली-एनफिल्डच्या जुन्या आराखड्यावर ७.६२ नाटो काडतुसाची ही रायफल काढली. पोलाद जास्त ताकदीचं, बिनकाठाच्या काडतुसासाठी एक्स्ट्रॅक्टर बदललेला आणि बारा राऊंडचं चौकोनी मॅगझिन. सैन्यातून निघाल्यावर त्यांतल्या पुष्कळ अमेरिकेत विकल्या गेल्या. फोटो बघताना घसा दाटून आला. रिक्रूट असताना या रायफलीची चिंदी, पुलथ्रू, म्हणजे दोरीला चिंदी बांधून नळीची सफाई, मी केलीय.

भाच्यानं विचारलं होतं, दुकानदार म्हणतो यात शिकारीचं .३०८ चालतं, खरं का? बाहेरून दोन्ही काडतुसं जुळी वाटतात. पण सैन्याचं चेंबर थोडं लांब चालवून घेतात, कारण सैन्याच्या पुंगळीचं पितळ जाड असतं. शिकारीच्या पुंगळीचं पातळ असू शकतं आणि दाबही जास्त. जुन्या रायफलीत ते दोन्ही एकत्र आले की तेच, चकचकीत कडं. मी त्याला नको म्हणालो. तिकडं सैन्याच्या ५.५६ आणि नागरिकांच्या .२२३ काडतुसाचंही असंच आहे, फक्त अडचण दुसऱ्या टोकाला. पुंगळी सारखीच, पण सैनिकी चेंबरमध्ये गोळीच्या टोकापुढं, नळीतले आटे सुरू होण्याआधी, मोकळी जागा जास्त ठेवलेली असते. ५.५६ चं काडतूस .२२३ च्या तंग चेंबरमध्ये उडवलं तर दाब चढू शकतो. उलटं सहसा चालतं. नळीवर काय ठोकलंय ते वाच आणि तेच घाल, एवढंच त्याला लिहिलं.

हे सगळं त्या पोराला सांगता सांगता रात्रीचे नऊ वाजले. मधेच वहिनींनी चिवडा आणि चहा दिला. मी त्याला बोल्ट हातात देऊन मागचे दोन्ही कान दाखवले. एका कानावर घासल्याची चमक होती, दुसऱ्यावर जुनं काळं तेल तसंच होतं. दोन कानांनी उचलायचं वजन एकच कान उचलत होता. त्यानं नखानं घासून बघितलं आणि गप्प झाला.

सैन्यात त्या रायफलीमागं एक आर्मरर असतो, गेजची पेटी असते, ठरलेल्या मुदतीची तपासणी असते आणि नंबर वाचून घेणारा कोत एनसीओ असतो. आप्पांच्या रायफलीमागं आप्पा आहेत. खंडेनवमीला तेल, निवडणुकीला पोलीस ठाण्यात जमा, परत आली की कपाटात. तिच्यावर गेज कधी लागलंच नव्हतं. बोल्ट ज्याचे त्याला लावले, पण तेवढ्यावर चालवा असं मी म्हणालो नाही. दोन्ही रायफली परवान्यासकट पुण्याच्या परवानाधारक गनस्मिथकडं घेऊन जा, गेज लावून घ्या आणि तोवर एकही राऊंड उडवू नका, असं सांगितलं. धाकटे जरा नाराज झाले. ऊस तोडणीला आलेला, डुकरं रोज येतात. मी ती दुभंगत आलेली पुंगळी त्यांच्या तळहातावर ठेवली.

पंधरा दिवसांनी दोघे भाऊ जाऊन आले. आप्पांची रायफल गेजला बरोबर निघाली. धाकट्यांची स्वतःच्या बोल्टवरही हद्दीच्या काठावर होती, ती बोल्टचं डोकं बसवायला तिथंच ठेवून घेतली. वहिनींनी जुन्या साडीच्या काठाच्या दोन पिशव्या शिवल्यात, एक लाल, एक हिरवी. ज्या रायफलीचा बोल्ट त्या रंगाच्या पिशवीत, आणि आत चिठ्ठीवर नंबर.

तिसरी पुंगळी पोरानं मागून घेतली होती. परवा कॉलेजच्या वर्कशॉपमधून त्याचा फोटो आला. हॅकसॉनं पुंगळी उभी कापून दोन फाका केल्या होत्या, कडा पॉलिश पेपरवर घासल्या होत्या आणि बाजूला पट्टी ठेवली होती. बुडाशी पितळ जाडजूड, वर जाताना हळूहळू पातळ होत जातं, आणि मधेच दोन्ही बाजूंना आतून खोबण. तिथं भिंत कागदाएवढी उरली होती. खाली त्यानं लिहिलं होतं, 'काका, सरांनी वर्गात दाखवायला ठेवून घेतली.'